उन्हातले सहा तांबे

माझी काकी हौसा दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात, एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी, दुपारी एकच्या सुमारास, सरकारी कामावर खडीच्या ढिगाशेजारी बसल्या जागी कोसळली. साल १९७३. तिला सहावा महिना होता. अंगावर काळे इरकल लुगडे होते. तिला उचलणाऱ्या दोघींपैकी एक माझी आई होती. मी तिथे नव्हते. म्हसवडच्या शाळेत नववीचा शेवटचा पेपर लिहीत होते. त्या दुपारबद्दल इथे लिहिते आहे ते आई, काकी आणि कामावरचा मुकादम या तिघांनी वेगवेगळ्या वेळी सांगितलेले आहे. तिघांच्या सांगण्यात जे जुळते तेवढेच घेतले आहे.

जुळते ते असे. मुकादमाने डोक्याचा पांढरा फेटा सोडला आणि घडी करून काकीच्या डोक्याखाली दिला. आईचा एक हात काकीच्या पाठीखाली होता, दुसरा त्या फेट्यावर. पाठीवरचे लुगडे तव्यासारखे तापले होते. फेटा नुसता कोमट होता. काकीने डोळे उघडले, पाणी प्याली, तिला बैलगाडीत घातले, आणि मग आईने मुकादमाला विचारले, "दादा, तुमचा फेटा सावलीत ठिवला हुता व्हय?"

"सावली कुठली आनू बाई इथं? सकाळधरनं माझ्या टकुऱ्याव हाय."

आई परत फेट्याला हात लावून बघत राहिली. शेजारची कोंडाबाई नंतर गावभर सांगत होती, "जाऊ मरायला टेकली, आन ही बया मुकादमाचा फेटा चाचपत बसली."

आमचे घर म्हसवडच्या अलीकडे, माणगंगेच्या कोरड्या पात्राला लागून, दोन खोल्यांचे, मातीच्या धाब्याचे. घरात चौघी होतो. आजी, म्हणजे वडिलांची आई, माझी आई तारा, काकी, आणि मी. वडील सैन्यात नाईक होते आणि त्या वर्षी सीमेवर कुठेतरी होते. ठाणे पत्रात लिहायचे नसते, म्हणून नेमके कुठे ते आम्हांला माहीत नव्हते. काका विट्याच्या एका माणसाबरोबर परमुलखात सोने गाळण्याच्या दुकानात भट्टीवर होते. दोघांची आंतर्देशीय पत्रे येत. वडिलांचे महिन्याला एक, ठरलेले. होळीनंतर ते आले नव्हते. पोस्टमन यायच्या वेळी आजी उंबऱ्यात बसून लसूण सोलायची. तेवढा लसूण त्या वर्षी घरात नव्हता. त्याच चार गड्ड्या ती पुन्हा पुन्हा पाटीत घेऊन बसत असे.

पहाटे जात्यावर मिलो पडायची. ही रेशनची तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि गार झाली की चामड्यासारखी व्हायची. आई पिठात उकळते पाणी घालून ते झाकून ठेवायची, मग मळायची. तिची भाकरी कमी चिरायची. कामावर दुपारी सुकडी हा सरकारी कोरडा खाऊ मिळे; तिला भाजल्या पिठाचा आणि पोत्याचा असा मिळून एक वास येई. आजही बंद गोदामात शिरले की मला तो येतो. सकाळी आठच्या आत हातोड्या सुरू होत. काम घरापासून अर्ध्या मैलावर होते आणि वारा इकडचा असला की आवाज अंगणात येई. चाळीसेक बायकांच्या हातोड्यांत आजी आपल्या सुना ओळखायची. "थोरली दोन हलकं न एक जोराचं मारती. धाकटीचा हात बारका हाय, टिकटिक टिकटिक." मला ते कधी ओळखता आले नाही.

काकी पडली त्यानंतर टिकटिक बंद झाली. म्हसवडच्या डॉक्टरांनी महिनाभर उन्हात जाऊ नको म्हणून सांगितले. पोटातले मूल शाबूत होते. पण महिन्यानंतर काय, हा प्रश्न होता. काम पावसापर्यंत चालणार होते, घरात दुसरे काही पिकलेले नव्हते, आणि काकी स्वतः म्हणत होती, "बसून बसून माझं पाय सुजत्यात. मी जानारच हाय." तिसऱ्या रात्री जेवताना आईने मला विचारले, "सुमे, तुमच्या शाळेत ताप मोजायची नळी असती का गं? मानसाचा न्हवं. पान्याचा."

बाजारच्या दिवशी काम बंद असे. त्या दिवशी आईने अंगणात सहा तांबे मांडले. मांडायच्या आधी तिने गावातून तांबे गोळा केले, कारण आमच्याकडे सारखे दोनच होते. प्रत्येकावर कोणा ना कोणाच्या लग्नाचे नाव कोरलेले होते. आकार थोडे कमीजास्त, म्हणून पाणी चिपट्याने मोजून घातले. पाणी टँकरचे. आजी ओट्यावरून ओरडली, "प्यायला न्हाई न ही उनाला पाणी पाजती."

"सांडत न्हाई आत्ती," आई म्हणाली. ती सासूला आत्ती म्हणायची. "सांच्याला त्यातच भांडी घासायची."

पाच तांब्यांना पाच फडकी गुंडाळली: काळे, निळे, हिरवे, लाल, पांढरे. रंगीत सगळी जुन्या सुती लुगड्यांची. पांढरे वडिलांच्या धोतराचे. नवे कापड तिने एकही घेतले नाही. "नवं जाड असतं," ती म्हणाली, "मग रंगाचं काय कळायचं?" मी पांढऱ्या फडक्याचा तांब्या भिंतीकडेला ठेवला होता. तिने तो उचलून मधोमध आणला. "हितं घटक्यानं सावली येती. जिकायचं ठरवून कशाला खेळायचं?" मी पुढे तीस वर्षे बातम्यांचे संपादन केले. कामाच्या पहिल्या वर्षी वरिष्ठांनी मला जे शिकवले, ते यापेक्षा वेगळे नव्हते.

सहावा तांब्या म्हाकूबाबामुळे आला. म्हाकूबाबा शेजारचे धनगर, सत्तरीचे. खांद्यावर बारा महिने काळे घोंगडे. चाळीसभर मेंढरांतली सात उरली होती. हा खटाटोप बघायला ते कुंपणापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "काळं तापतं म्हंतीस? मग मी आजवर भाजून मराया पायजे हुतो की गं पोरी."

"मग काढा ते घोंगडं," आई म्हणाली. "तुमाला बी परीक्षेला बसवू."

घोंगड्याचा कोपरा सहाव्या तांब्यावर पडला. म्हाकूबाबा उघड्या अंगाने लिंबाखाली जाऊन बसले आणि निकालाची वाट बघू लागले. तोपर्यंत कामावरच्या दहा-बारा बायकाही कुंपणाला लागल्या होत्या. कोंडाबाई अर्थातच सर्वांत पुढे.

शाळेच्या विज्ञानाच्या सरांनी प्रयोगशाळेचा तापमापक मला कापसात गुंडाळून दिला होता आणि फुटला तर वडिलांना पत्र लिहीन असे बजावले होते. दीड तासाने मी तो घेऊन पुढे झाले तेव्हा आईने मला थांबवले. तिने बाही वर केली आणि ओळीने फडक्यांच्या पाचही तांब्यांच्या तोंडाशी हात नेऊन पाण्यात कोपर टेकवले. गावातल्या बऱ्याच तान्ह्या पोरांची पहिली आंघोळ तिच्या हातची होती, आणि बाळाचे पाणी ती कोपरानेच बघत असे. तिने चढता क्रम सांगितला: पांढरे, मग लाल, मग हिरवे, मग निळे, मग काळे. "लाल-हिरव्यात लय फरक न्हाई. पर हाय." मग मी तापमापक घातला. काळ्यातले पाणी त्रेचाळीस अंश, पांढऱ्यातले साडेसदतीस. मधली तिन्ही तिने सांगितली त्याच क्रमाने. लाल आणि हिरव्यात अर्ध्या अंशाचा फरक होता. ती वही माझ्याकडे अजून आहे. पानावर तेलाचा डाग आहे. आकडे वाचता येतात.

घोंगड्याखालचे पाणी पस्तीस अंश भरले. सगळ्यांत गार.

लिंबाखालून म्हाकूबाबांचे हसणे ऐकू आले. कुंपणावरच्या बायकाही हसल्या. कोंडाबाई म्हणाली, "झालं गं तारा. आता समद्यांनी घोंगडी घिऊन खडी फोडायची." मला त्या क्षणी रडू फुटायचे बाकी होते. मी आईला हळूच म्हटले, हा तांब्या धरायचा नाही, तो नंतर आला. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी तो आकडाही वहीत उतरवला. ती घोंगड्यापाशी बसली, बाहेरून हात ठेवला आणि उचलला. मग तिने कोंडाबाईला बोलावले. "ठिव हात." कोंडाबाईने हात ठेवला आणि पटकन मागे घेतला. मग आईने घोंगड्याखाली हात घालायला लावला. तिथे गार होते.

"ऊन वर अडलंय," आई म्हणाली. "तापलंय ते काळंच. पर जाडी हाय म्हनून आत यायला येळ लागतोय. म्हाकूबाबा, ह्याचं वजन किती?"

"भिजलं न्हाई तर आडीच-तीन किलू."

"ते घिऊन दिसभर हातोडा माराल का?"

म्हाकूबाबांनी थोडा विचार केला. ते प्रामाणिक माणूस होते. "न्हाई बा," ते म्हणाले. "मेंढरामागं चालायचं निराळं न बसून हात चालवायचं निराळं. माझं बरूबर हाय न तुझं बी बरूबर हाय."

पुढे वार्तापत्रांत रोज कमाल तापमानाचा आकडा माझ्या हाताखालून गेला. तो आकडा सावलीतल्या, हवा खेळत्या पेटीत मोजलेला असतो. उन्हात काळे नेसून बसलेल्या बाईच्या पाठीवर किती अंश असतात, हे त्या आकड्यात नसते. काळे कापड आपल्यावर पडलेला बहुतेक सगळा प्रकाश गिळते आणि त्याची उष्णता होते, पांढरे बराचसा परत धाडते, हे मी अकरावीत पुस्तकात वाचले. आईने ते चौथीच्या शिक्षणावर, परक्या तांब्यांत, विरोधातला पुरावा न लपवता दाखवले होते.

कुंपणावरच्या सगळ्यांना निकाल पटला होता. तरी कोणी पांढरे घेईना. आमच्या भागात नवरा जिवंत असलेली बाई डोक्यावर पांढरे घेत नसे. पुरुषांचे फेटे, टोप्या, धोतरे पांढरी. बायकांची लुगडी गडद, एक तर मळ दिसत नाही म्हणून, आणि दुसरे कारण कोणी तोंडाने सांगत नसे. त्या दिवशी ते आजीने सांगितले. ती ओट्यावरून उठली, पांढऱ्या फडक्याचा तांब्या उचलला, आत नेऊन ठेवला आणि दारात उभी राहिली.

"माझा ल्योक सीमेवर हाय," ती म्हणाली. "होळीपासनं पत्र न्हाई. ह्या दारातनं पांढरं घिऊन कोन भायेर पडायचं न्हाई. मग ऊन लागू द्या न्हाईतर आग लागू द्या."

आईने बाकीच्या तांब्यांतले पाणी घंगाळात ओतले आणि तांबे घासायला बसली.

पुढच्या बाजारच्या आदल्या दिवशी एक खाडा करून ती मला घेऊन सांगलीला गेली. तिचे माहेर तिथले. मामा हळदीच्या अडतीवर हमाल होते. पोती वाहून त्यांचे कान, भुवया, पायांच्या भेगा सगळे पिवळे असे. एसटी विट्यावरून गेली. सांगलीत उतरल्यावर मी पहिल्यांदा नळ सुटा वाहताना पाहिला आणि बंद करायला धावले; मामी हसली. तिने भडंग केले, लसणाचे, भरपूर शेंगदाण्यांचे, आणि मी पोट दुखेपर्यंत खाल्ले. आईच्या निरोपावरून मामांनी ओळखीच्या दुकानातून मांजरपाटाचा एक ताका आणून ठेवला होता. न धुतलेले, स्वस्त, जाडेभरडे पांढरे कापड. आईने सांगितलेली अडचण ऐकून ते म्हणाले, "पांढरं नगं असलं तर हळदीत बुडव की. हळदीला कोन नाव ठिवनार? चुरा देतो पायलीभर, पोत्याच्या तळाचा."

दुपारी मामीने त्यांचा हळदीने माखलेला सदरा नुसत्या पाण्यातून काढून गच्चीच्या कठड्यावर टाकला. मी म्हटले, साबण नाही लावला. "साबनानं तांबडा हुतो," मामी म्हणाली. "उनात पडू दे. ऊन खातंय हळद." आम्ही संध्याकाळच्या गाडीला निघालो तेव्हा सदरा जवळजवळ पांढरा झाला होता. आई पायरीवर थांबून त्याच्याकडे पाहत होती. ती काय विचार करत होती ते मी सांगू शकत नाही. ती पाहत होती, एवढे मी पाहिले.

बाजारच्या दिवशी पुन्हा तांबे मांडले, या वेळी तीनच. हळदीच्या फडक्यातले पाणी पांढऱ्याहून अर्धा अंश जास्त आणि काळ्याहून पाच अंश कमी निघाले. आजीने पिवळे फडके हातात घेऊन वास घेतला. "हळदीचं म्हनल्याव माझं काय म्हननं न्हाई," ती म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने त्याच्या एका कोपऱ्याला कुंकवाचे बोट लावले.

मेच्या मध्यावर एका सोमवारी आई पिवळे फडके डोक्यावरून पाठीपर्यंत सोडून कामावर गेली. आठवड्यात ताका संपत आला. कोंडाबाईने पहिल्या दिवशी चेष्टा केली, दुसऱ्या दिवशी हात लावून बघितले, तिसऱ्या दिवशी दोन फडकी मागितली. सुटीत मी पाण्याची घागर घेऊन कामावर जायचे, त्यामुळे पुढचे मी स्वतः पाहिलेले आहे. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच ती फडकी उन्हात असत, घामाने भिजत, रात्री पाण्यातून काढली जात आणि पुन्हा उन्हात येत. चौथ्या दिवशी ती लिंबासारखी दिसू लागली. आठव्या दिवशी सायीसारखी. बायकांना दिसत होते. एक तरणी पोर कोंडाबाईला म्हणाली, "मावशे, तुझी हळद उतरली. आता जुनी नवरी झालीस."

"तुझी बी उतारलीया, आरशात बघ," कोंडाबाई म्हणाली.

पुन्हा हळद लावायची गोष्ट कोणी काढली नाही. चुरा घरात शिल्लक होता. बाराव्या-तेराव्या दिवसापर्यंत खडीच्या ढिगांमध्ये बसलेल्या बहुतेक सगळ्या डोक्यांवर पांढरे होते आणि त्याखाली कपाळावर कुंकू. दुपारचे चक्कर येणे बंद झाले असे मी म्हणणार नाही. त्या पंधरवड्यात कोणाला गाडीत घालून न्यावे लागले नाही, हे मुकादमाने मला सांगितले, आणि मी तेव्हाच वहीत लिहून घेतले.

मेच्या शेवटी एके दुपारी आई भाकरी घरी विसरली. मी म्हसवडला तापमापक परत करायला गेले होते, म्हणून भाकरी घेऊन आजी निघाली. ती कामावर त्या महिन्यात प्रथमच आली. मी परतताना बांधावरून तिला पाहिले. ती कडेला उभी होती आणि समोर चाळीसेक बायका, सगळ्या पाठमोऱ्या, सगळ्या पांढऱ्या. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. मला वाटले ती परत फिरेल. हातोड्या चालू होत्या. मग तिने मान थोडी कलती केली आणि कोणालाही न विचारता, ढिगांमधून वाट काढत, सरळ आईपाशी गेली. फडक्याच्या कोपऱ्यावरचे कुंकू कधीच धुऊन गेले होते. तिने तो कोपरा दोन बोटांत धरून पाहिला, मग आईच्या पाठीवर हात ठेवला. काही वेळ ठेवला. भाकरीचे गठुडे तिच्या मांडीवर ठेवले आणि आली तशी गेली. घरी आल्यावर तिने मला एवढेच सांगितले, "तुझ्या आयची पाठ गार हाय."

काकीचा विश्रांतीचा महिना संपला. तिला ओझ्याचे काम नको म्हणून मुकादमाने पाणी वाटायला ठेवायचे कबूल केले होते, पण पाणी वाटणेही उन्हातच. जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी ती काळे लुगडे नेसून निघाली. आजीने तिला दारात थांबवले. मांजरपाटाचा उरलेला तुकडा पेटीतून काढला, दाताने कड तोडून फाडला आणि काकीच्या डोक्यावरून पाठीवर नीट सोडला. हळदीचे गाडगे तिच्या हाताशी, कोनाड्यात होते. काकी त्याच्याकडे बघत म्हणाली, "आत्ती, ह्याला हळद?"

"कशाला?" आजी म्हणाली. "उनानं जातीच ती. जा, उशीर झालाय."

काकी पाऊस सुरू होईपर्यंत कामावर जात होती. श्रावणात तिला मुलगी झाली. आजीने तिच्या डोक्यावर ते फडके टाकले त्या सकाळपर्यंत वडिलांचे पत्र आलेले नव्हते. ते त्याच आठवड्यात, गुरुवारी आले.